रस्त्यावरून दिसलेला आजार, घरातून दिसलेला माणूस

आमच्या अण्णांना पार्किन्सन्स असल्याचे निदान २००९ च्या पावसाळ्यात झाले. आईच्या मते मात्र हा आजार त्याच्या तीन वर्षे आधीच घरात आला होता.

अण्णा कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिक्षक होते. तरुणपणी मंगळवार पेठेतल्या तालमीत घुमलेले. निवृत्तीनंतरही पहाटे रंकाळ्याला फेरी आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्याउभ्या धारोष्ण दुधाचा पेला, हा नेम त्यांनी चुकवला नव्हता. कट्ट्यावर ते एकटे कधी नसत. जुने विद्यार्थी, तालमीतले सवंगडी, कुणी ना कुणी भेटे आणि दुधाच्या पेल्याला तासभर लागे. २००६ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी कट्ट्यावर जाणे सोडले. कारण विचारले तर "नको वाटतंय" एवढेच उत्तर. बोलणे कमी झाले, चिडणे वाढले. रात्री झोपेत ते ओरडू लागले, हात झाडू लागले; एकदा आईच्या गालावर फटका बसला आणि सकाळी त्यांना त्यातले काही आठवेना. माझ्या पुतणीच्या बारशाला ते इतक्या कोऱ्या चेहऱ्याने बसले होते, की मुलगी झाली म्हणून आजोबा नाराज आहेत अशी कुजबुज व्याह्यांकडे झाली. आई आम्हाला म्हणायची, "ह्यांचा स्वभाव पालटलाय." आम्ही म्हणायचो, "वय झालं, आई."

पुढे उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागली, गोळी वळावी तशी. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत निदान केले. आईने धीर करून स्वभावाचे विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, "हा हालचालींचा आजार आहे. स्वभावाचा आणि त्याचा संबंध नाही."

ते डॉक्टर हुशार होते आणि मनापासून बोलत होते. त्यांच्या तोंडून जे बाहेर पडले ते जवळजवळ दोनशे वर्षांचे जुने वाक्य होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ते वाक्य कुठून आले, इतके दिवस का टिकले आणि घरातल्या माणसांना जे दिसत होते ते शास्त्राच्या दप्तरात नोंदले जायला एवढा काळ का लागला, हे या लेखात पाहायचे आहे.

हॉक्स्टनचा वैद्य

जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागातला वैद्य. जन्म ११ एप्रिल १७५५ चा; हाच दिवस आता जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. माणूस बहुरंगी होता. जीवाश्म गोळा करून त्यांवर त्याने ग्रंथ लिहिले, 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने सरकारविरोधी राजकीय पत्रके काढली. १८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने 'कंपवातावरील निबंध' म्हणता येईल असे ६६ पानांचे पुस्तक छापले. त्यात फक्त सहा रुग्णांची हकीकत आहे. त्यांतले दोघे त्याला रस्त्यात भेटलेले, आणि एकाला तर त्याने केवळ लांबून पाहिलेले.

तरीही वर्णन इतके नेमके आहे की आजही डॉक्टर ते आदराने वाचतात. विश्रांतीत असताना होणारा कंप, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता पावले आपोआप धावू लागणे, हे सारे त्यात आहे. आणि आजाराच्या व्याख्येतच त्याने नोंदवून ठेवले की ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी यांना इजा होत नाही. अगदी शेवटच्या अवस्थेत थोडा भ्रम होतो, इतकीच भर त्याने पुढे घातली.

पार्किन्सनला दोष देण्याचे कारण नाही. आपण अंदाजाने लिहीत आहोत, शवविच्छेदन झालेले नाही, हे त्याने प्रस्तावनेतच कबूल केले होते. पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचे काय दिसते? त्याची चाल दिसते, हात दिसतो, वाकलेली पाठ दिसते. तो घरी गेल्यावर बायकोशी बोलतो की नाही, रात्री झोपतो की ओरडतो, पूर्वी ज्या गोष्टीत रमायचा तिच्यात अजून रमतो का, हे रस्त्यावरून दिसत नाही. या आजाराची पहिली व्याख्या बरीचशी रस्त्यावर उभे राहून केलेली आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

त्याच निबंधात एक सेवक ओझरता येऊन जातो. चालायला सुरुवात करता येत नसलेल्या एका रुग्णासमोर तो उभा राहतो, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवतो, रुग्ण मागेपुढे झुलत तोल साधतो आणि इशारा देताच पळत सुटतो. सेवक चटकन बाजूला होऊन पुढे धावतो, रुग्ण पडलाच तर झेलायला. पार्किन्सन्सच्या वैद्यकीय वाङ्मयात सांभाळणारा माणूस असा पहिल्याच निबंधात भेटतो. त्याला नाव नाही, आणि त्याला काय वाटत होते हे कुणी विचारलेले नाही.

स्वभाव आधी की आजार आधी

या आजाराला पार्किन्सनचे नाव दिले ते पॅरिसच्या झाँ-मार्तँ शार्को याने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सालपेत्रिएर या विशाल रुग्णालयात शार्कोचे रुग्ण वर्षानुवर्षे राहत असत, त्यामुळे त्याला ते रस्त्यावरच्यापेक्षा जवळून दिसले. आजार पुढे गेला की मनाच्या शक्तीही मंदावतात, हे त्याने मान्य केले. १८८२ मध्ये बेंजामिन बॉल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने या आजारातल्या मानसिक बिघाडावर स्वतंत्र लेख लिहिला. पण पाठ्यपुस्तकांवर पकड राहिली ती हालचालींचीच. मेंदूच्या तळाशी असलेल्या कृष्णद्रव्यातल्या पेशी या आजारात मरतात, हे १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ याने दाखवल्यावर तर हा शुद्ध शारीरिक आजार आहे हे मत पक्के झाले.

विसाव्या शतकाच्या मध्यात गंमत अशी झाली की स्वभाव परत आला, पण उलट्या दाराने. मनोविश्लेषणाचा तो बहराचा काळ होता. १९४८ मध्ये गॉटहार्ड बूथ या मानसोपचारतज्ज्ञाने पार्किन्सन्समागच्या मनोव्यापारांवर लेख लिहिला. अतिशय कष्टाळू, काटेकोर, नीतीला धरून चालणारी, राग आतल्या आत दाबणारी माणसे या आजाराला बळी पडतात, असा विचार मूळ धरू लागला. म्हणजे आजारामुळे स्वभाव बदलतो असे म्हणण्याऐवजी स्वभावामुळे आजार होतो, असे म्हटले गेले. आपल्याकडेही हे ऐकू येतेच: "आयुष्यभर मनात कुढत राहिले, म्हणून झालं." असे बोलणारा सहानुभूतीने बोलतो, पण त्यातून रुग्णावर दोष येतो आणि हळूच त्याच्या बायकोवरही.

त्या निरीक्षणात सत्याचा अंश होता. पुढच्या अनेक अभ्यासांत असे दिसले की पार्किन्सन्सच्या रुग्णांत धूम्रपान करणारे तुलनेने कमी असतात, आणि नावीन्याची, धोका पत्करण्याची ओढही बेताची असते. पण मेंदूतले डोपामिन हे रसायन कमी होण्याची प्रक्रिया कंपाच्या कितीतरी आधी सुरू होते आणि नवे काही करून पाहण्याची ओढ त्याच रसायनावर अवलंबून असते. तेव्हा हा सावध, अबोल स्वभाव कारण होता की आजाराची पहिली सावली, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

दोन वनस्पती

डोपामिनची गोष्ट आपल्या मातीतून जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी. रक्तदाबावरचा तिचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडला. तिच्यातून काढलेले रेसरपिन हे द्रव्य जगभर वापरले जाऊ लागले, आणि मग विचित्र नोंदी येऊ लागल्या. हे औषध घेणारे काही रुग्ण पार्किन्सन्ससारखे ताठर होत, काही कमालीचे उदास होत. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निपचित केलेल्या सशांना लेव्होडोपा टोचले आणि ससे उठून हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्नीकिएविच यांनी पार्किन्सन्सने मरण पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फार घटलेले असते हे सिद्ध केले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी लेव्होडोपाची मोठी मात्रा तोंडाने देऊन रुग्ण चालते केले.

ज्या लेव्होडोपाने हे घडले ते खाजकुयलीच्या बियांत असते. १९३७ मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या बाजूला रानात हिंडलेल्या माणसाला खाजकुयली ओळखावी लागत नाही, ती अंगाला लागली की स्वतःच ओळख देते. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना तिचे चूर्ण देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने चूर्ण सुरू करू नये. गोळीत आणि बीत द्रव्य एकच आहे, मात्रा दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.)

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे. तिच्यात वेपथू म्हणजे कंप येतो, आणि त्याच्या आसपासच विषाद, अतिप्रलाप, अस्वप्न म्हणजे निद्रानाश, आणि चित्त ठिकाणावर नसणे हेही येतात. चरकाला पार्किन्सन्स माहीत होता असे मला म्हणायचे नाही. ती वेगवेगळ्या विकारांची यादी आहे. मात्र शरीराचे आणि मनाचे विकार वेगवेगळ्या खणांत ठेवलेच पाहिजेत, असे त्या यादी करणाऱ्याला वाटले नव्हते. रेसरपिनने ताठर आणि उदास झालेल्या रुग्णांनी विसाव्या शतकात नेमके तेच दाखवले. हालचाल आणि उमेद यांचे तळघर मेंदूत एकच आहे.

औषधाने बदललेला माणूस

लेव्होडोपाने लोक चालू लागले तसे काही विलक्षण बदलही दिसू लागले. ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९ मध्ये न्यू यॉर्कच्या एका रुग्णालयात अनेक दशके गोठून बसलेल्या रुग्णांना हे औषध दिले. ते रुग्ण निद्रारोगाच्या जुन्या साथीतून वाचलेले होते, त्यांचा आजार नेहमीच्या पार्किन्सन्सहून वेगळा होता. १९७३ च्या 'अवेकनिंग्ज' या पुस्तकात सॅक्स यांनी त्यांच्या जागे होण्याबरोबरच त्यांच्या उन्मादाची, अनावर इच्छांचीही हकीकत लिहिली. वाचकांनी चमत्कार लक्षात ठेवला आणि बाकीचे विसरून गेले.

पुढे डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्या आल्या. २००५ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अकरा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. या गोळ्यांच्या काळात त्यांना जुगाराचे व्यसन जडले होते. २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १३.६ टक्के लोकांत जुगार, अनावर खरेदी, अनावर कामेच्छा किंवा बकाबका खाणे यांपैकी निदान एक विकार सापडला. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के.

२०१२ मध्ये अण्णांच्या गादीखाली लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा सापडला. चाळीस वर्षे रोजचा जमाखर्च लिहिणारे अण्णा. पोस्टाच्या खात्यातले पैसे गेले होते. त्याआधी त्यांनी एकाच आकाराचे सात पान्हे आणले होते, तेव्हा आम्ही हसलो होतो. आईला तिकिटांचे कित्येक महिने ठाऊक होते आणि तिने आम्हाला सांगितले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाली, "पैसा गेला तर गेला. ह्यांचं नाव जायला नको." दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्याने उतरवली. दोन-तीन महिन्यांत लॉटरी सुटली. अण्णा त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. मला वाटते, त्यांना शरम वाटत होती, आणि ज्या गोष्टीची शरम वाटत होती ती त्यांनी केली होती की गोळीने, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

माझ्या मते या आजाराचे खरे कोडे इथे आहे. पाय लटपटले तर आपण म्हणतो, आजारामुळे. पण माणूस तुटक बोलला, संशय घेऊ लागला, पैसे उडवू लागला, तर आपण म्हणतो, हा असाच आहे. किंवा त्याहून वाईट, हा मुळात असाच होता, आता उघडा पडला. वृद्ध नवऱ्याची अचानक वाढलेली कामेच्छा किंवा बायकोच्या चारित्र्याचा संशय या गोष्टी तर आपल्या घरांत कुणी कुणाला सांगतही नाही. पन्नास वर्षांच्या संसाराचा पुनर्विचार ती बाई एकटीच, स्वयंपाकघरात उभी राहून करत असते.

शेजारच्या अंथरुणावरची साक्ष

घरात दिसते ते पुरावा ठरू शकते, हे मान्य व्हायला १९९६ उजाडावे लागले. दहा वर्षांपूर्वी मिनेसोटाच्या श्येंक आणि माहोवाल्ड यांनी झोपेचा एक विकार वर्णिला होता: स्वप्नात माणूस प्रत्यक्ष लाथा मारतो, ओरडतो, शेजारी झोपलेल्याला इजा करतो. पन्नाशीपुढच्या अशा २९ पुरुषांचा त्यांनी माग ठेवला. १९९६ च्या अहवालानुसार त्यांतल्या अकरा जणांना, म्हणजे ३८ टक्क्यांना, पुढे पार्किन्सन्सच्या जातीचा आजार झाला. २००३ मध्ये जर्मनीच्या हाइको ब्राक यांनी मांडले की आजाराची खूण मेंदूत आधी खालच्या भागात, वास, झोप, मनःस्थिती यांच्याशी संबंधित केंद्रांत दिसते आणि कृष्णद्रव्यापर्यंत नंतर पोहोचते. वास न येणे, बद्धकोष्ठ, उदासी, झोपेतला आरडाओरडा हे सारे कंपाच्या वर्षानुवर्षे आधी येऊ शकते. हे वाचले तेव्हा मला आईचा गाल आठवला.

चेहऱ्याचेही तसेच. चेहऱ्याचे स्नायू ताठरले की हसू आतच राहते. अशा रुग्णांची चित्रफीत पाहणारे अनोळखी लोक, आणि आरोग्यसेवकही, त्यांना प्रत्यक्षात असतात त्याहून कोरडे आणि माणूसघाणे समजतात, असे अमेरिकेतल्या लिंडा टिकल-डेग्नेन यांच्या अभ्यासांत दिसून आले. आमच्या व्याह्यांची कुजबुज त्यातलीच. अण्णांना नातीचा आनंद झाला नव्हता असे नाही. त्या रात्री त्यांनी जमाखर्चाच्या वहीत 'मुलगी. ३ किलो.' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सांभाळणाऱ्यांकडे शास्त्राने मोजपट्टी घेऊन पाहिले ते १९८० पासून. त्या वर्षी स्टीव्हन झॅरिट यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काळजीचा भार मोजणारी प्रश्नावली तयार केली. १९९९ मध्ये नॉर्वेच्या दाग आर्सलँड यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या जोडीदारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना खचवणाऱ्या गोष्टींत रुग्णाची उदासी, भास आणि बुद्धीची घसरण यांचा वाटा मोठा निघाला. सिडनीत वीस वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी जे तोवर हयात होते, त्यांतल्या ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झालेला होता, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे १८१७ च्या व्याख्येतले ते वाक्य दीर्घकाळ जगणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत खरे ठरले नाही. पार्किन्सनच्या काळी माणसे इतकी जगत नव्हती, हेही तितकेच खरे.

मोजपट्टीत न मावणारे एक दुःख मात्र आईने सांगितले होते. औषधाचा अंमल असेल तेव्हा माणूस चालतो, उतरला की खुर्चीत खिळतो. सकाळी अकराला अण्णांना पाण्याचा तांब्या उचलता येत नसे. बाराला पाहुणे आले की ते उठून दारापर्यंत जात. पाहुणे म्हणत, "छान आहेत की! तुम्हीच उगाच काळजी करता." आई म्हणायची, "लोकांना मी खोटी वाटते. कधी कधी मला हेच खोटे वाटतात. आणि मग रात्री मलाच लाज वाटते."

आपल्याकडे

या आजाराच्या भारतातल्या इतिहासात महाराष्ट्राचे पान महत्त्वाचे आहे. १९८० च्या दशकात डॉ. नदीर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली. त्यांत ४६ रुग्ण सापडले, लाखामागे सुमारे ३२८. हा आकडा मोठा होता, कारण त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे होते. उरलेला महाराष्ट्र त्या वयाकडे आता निघाला आहे.

मराठी वाचकाच्या मनात मात्र हा आजार एका नावाशी जोडलेला आहे. पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत पार्किन्सन्स होता. ज्याची बोटे पेटीवर फिरायची, ज्याचा चेहरा 'बटाट्याच्या चाळी'तली सगळी बिऱ्हाडे एकटा उभी करायचा, त्या माणसाला हा आजार व्हावा! १९९६ चा पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा त्यांचे भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवले. त्या भाषणावरून पुढे राजकीय वादळ उठले आणि ते पुष्कळ लिहिले-बोलले गेले. सभागृहासमोरचे ते दुसरे दृश्य मात्र कमी बोलले गेले: शब्द एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा. १२ जून २००० ला पुण्यात पु. ल. गेले. तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता. त्यांच्या घरातले त्या वर्षांचे जगणे हे त्यांचे होते, आपण त्यात डोकावू नये. पण सांभाळणाऱ्याचे काम कधी कधी कसे असते ते त्या वाचनात सगळ्यांसमोर दिसले. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, आपले काही न मिसळता, जगापर्यंत पोहोचवायचे.

सांभाळणाऱ्याला मराठीत शब्दही नव्हता. परिचारिका म्हटले की नोकरी आली, सेवेकरी म्हटले की देवळाचा वास आला. 'घरचं माणूस' एवढेच काय ते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या स्वमदत गटांतून 'शुभंकर' आणि 'शुभार्थी' असे दोन शब्द आले, आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने ते आपलेसे केले. सांभाळणारा तो शुभंकर, आजार असलेला तो शुभार्थी. शब्द थोडे गोड आहेत, हे मान्य. पण मंडळाच्या सभेत दोघेही खुर्च्या टाकून शेजारी बसतात आणि शुभंकराला आपली बाजू सांगायची मुभा असते, ही गोष्ट लहान नाही. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्ससाठी स्वतंत्र संस्था काम करते आहे. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सचा समावेश दिव्यांगत्वात केला, आणि त्याच कायद्यात 'काळजीवाहक' या माणसाची व्याख्याही आली, मग तो पगारी असो वा घरातला. पार्किन्सनच्या निबंधातल्या त्या बिननावाच्या सेवकाला कायद्याच्या कलमापर्यंत यायला एकशे नव्व्याण्णव वर्षे लागली.

नृत्याच्या त्या वर्गांमागचे तत्त्व आईला कुणी शिकवले नव्हते. अण्णा उंबऱ्याशी अडखळत, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. ओढून उपयोग नसे, ओरडून तर नसेच. एकदा आई सहज म्हणाली, "अहो, तालमीत कसं मोजायचा? एक... दोन..." आणि अण्णांनी पाय उचलला. मेंदूचा आतला ठेका बिघडला की बाहेरचा ठेका मदतीला येतो, हे आता शास्त्र सांगते. पुढची पाच वर्षे आमच्या घरात दिवसातून कितीदा तरी आईचा आवाज ऐकू येई, जोर-बैठका मोजल्यासारखा.

२०१७ च्या मार्गशीर्षात अण्णा गेले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आईने मला सांगितले, की एका दुपारी त्यांना खुर्चीत बसवून ती गच्चीवर गेली होती आणि तासभर खाली आली नव्हती. ते हाक मारत होते. तिला ऐकू येत होते. "मला वाटलं, आता मीच पळून जाईन," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. तिला उत्तर नकोच होते.

इतिहास लिहायचा तर साधने लागतात. डॉक्टरांचे केसपेपर असतात, त्यांत कंप किती, ताठरपणा किती, मात्रा किती हे असते. घरातले कुठे असते? आईची ट्रंक आवरताना मला ते सापडले. ती कधी रोजनिशी लिहीत नसे, पण भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानांवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात नोंदी करी, आणि वर्ष सरले की कॅलेंडर जपून ठेवी. 'रात्री दोनदा ओरडले.' 'गोळी सव्वानऊला, पाय साडेदहाला सुटला.' 'आज रागावले नाहीत.' एका चौकोनात फक्त 'हसले' एवढेच आहे. बारा कॅलेंडरे आहेत. कोणत्याही केसपेपरपेक्षा मला ती अधिक खरी वाटतात.

सर्वांत जुने २००६ चे. त्यात आजाराबद्दल एक अक्षर नाही, कारण आजाराचे नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पण नोव्हेंबरच्या पानावर, रोजच्या एक लिटरच्या खाली, एक नवी ओळ सुरू झालेली दिसते: 'अर्धा लिटर जादा. हे कट्ट्यावर जात नाहीत.'